नावे आणि हिशेब: एच पूर्व विभागाच्या सहायक आयुक्तांना खुले पत्र

मा. सहायक आयुक्त,
एच पूर्व विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,



वाकोल्यासह सांताक्रूझ, खार आणि वांद्रे यांच्या पूर्वेकडच्या सगळ्या वस्त्यांचा कारभार आपल्या कार्यालयाकडे आहे. रस्ते, गटारे, कचरा, पाणी, परवाने आणि जन्म-मृत्यूची नोंद. या पत्रातले मागणे एकच आहे आणि ते या शेवटच्या कामाशी जोडलेले आहे. कोविडच्या साथीच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत या विभागातली जी माणसे गेली, त्यांची आठवण विभागाने वर्षातून एक दिवस जाहीरपणे काढावी. त्या दिवशी त्यांची नावे वाचली जावीत. आणि त्याच जागी, त्याच लोकांसमोर, पुढच्या संकटासाठी विभागाची तयारी कुठवर आली आहे याचा हिशेब मांडला जावा. एवढ्या वर्षांनी आता हे कशाला, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. माझे म्हणणे असे की ज्या शोकाला चारचौघांत जागा मिळत नाही तो घराघरांत साचून राहतो, त्याचा हळूहळू अविश्वास होतो, आणि अविश्वासाने भरलेली वस्ती पुढच्या संकटात एकमेकांच्या मदतीला पूर्वीसारखी धावत नाही. म्हणून ही गोष्ट भावनेची जितकी आहे तितकीच आपल्या कामाचीही आहे.

मरण आपल्याकडे एकट्या घराचे कधीच नसते. चाळीत कोणी गेले की त्या घरात चूल पेटत नाही आणि शेजारचे पिठले-भात घेऊन येतात. गावाला फोन जातात, सामान आणायला कोणी धावतो, तिरडी बांधणारी जाणती माणसे न बोलावता हजर होतात. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळत उभे राहतात. मशिदीच्या गल्लीतून जनाजा निघाला की ओळखदेख नसलेला माणूसही चार पावले खांदा देतो. बौद्ध घरच्या जलदानविधीला आणि पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमते, ख्रिस्ती घरासाठी महिन्याची मिस्सा होते. दत्तमंदिर रोड, वाकोला मशीद आणि सेंट अँथनीचे चर्च पायी फिरून होतील एवढ्या अंतरावर असलेल्या आपल्या वस्तीत या साऱ्या रीती एकमेकांना ठाऊक असतात. कुणाच्या घरी किती दिवसांनी जायचे, तिथे काय बोलायचे, काय बोलायचे नाही, हे कुणी शिकवावे लागत नाही. २०२० च्या मार्चनंतर हे सगळे एका फटक्यात थांबले. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली. देह बंद पिशवीत आला, चेहरा कधी दिसला, कधी दिसला नाही. कोविडने गेलेल्या प्रत्येकाचे दहनच करावे, असे परिपत्रक महापालिकेने मार्चअखेरीस काढले आणि काही तासांतच बदलले. शेजारच्या वांद्र्यातल्या कब्रस्तानांत दफन नको म्हणून काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २२ मे २०२० रोजी न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले आणि मृताचा सन्मानाने अंत्यविधी होणे हा घटनेतल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. कायद्याने मृताचा मान राखला, पण मागे राहिलेल्यांच्या दारात त्या दिवसांत भेटायला आलेल्यांच्या चपला काही दिसल्या नाहीत.

हे निर्बंध चुकीचे होते असे मला म्हणायचे नाही. आजाराची पुरती माहिती नसताना सावधगिरी बाळगणे भाग होते. पण निर्बंध उठल्यानंतर राहून गेलेले काम पूर्ण करावे लागते, आणि ते झाले नाही. त्याचे वजन किती, याचा थोडा अंदाज अभ्यासांतून येतो. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार कोविडच्या एका मृत्यूमागे सरासरी नऊ जवळचे नातलग शोकात लोटले गेले. हा आकडा तिथल्या लहान कुटुंबांचा आहे, दहा बाय पंधराच्या खोलीत तीन पिढ्या राहणाऱ्या वस्तीचा नव्हे. मुंबईत कोविडचे म्हणून नोंदलेले मृत्यू १९ हजारांहून जास्त आहेत, महाराष्ट्रात जवळपास दीड लाख. जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दोन वर्षांतल्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख सांगितला, केंद्र सरकारने तो नाकारला, सरकारी नोंद त्याच्या साधारण एक दशांश होती. खरा आकडा या दोहोंमध्ये कुठे आहे हा वाद तज्ज्ञांनी करावा. सामान्य घरावर त्याचा परिणाम वेगळाच झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्रात नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा अर्जांची संख्या पुष्कळ जास्त भरली. म्हणजे हजारो कुटुंबांना आपला माणूस त्या साथीत गेला, एवढे मान्य करून घेण्यासाठी कागद घेऊन फिरावे लागले. ज्याच्या दुःखाला आधी पुरावा मागितला जातो त्याचा कार्यालयावरचा भरवसा पैसे मिळाले तरी परत येत नाही.

वैद्यकशास्त्रानेही या काळात आपली भूमिका बदलली. लांबत जाणारा, माणसाला रोजच्या जगण्यातून उठवणारा शोक ही स्वतंत्र तक्रार म्हणून आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आहे, आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. ज्यांना अशा शोकावर उपचारांची गरज आहे त्यांना डॉक्टरच हवेत. वर्षातून एकदा भरणारी सभा त्यांना बरे करील, असा दावा कुणी करू नये. शिवाय आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून जबरदस्तीने बोलते करण्याची जी पद्धत काही काळ जगभर चालली, तिचा फायदा संशोधनाच्या आढाव्यांत दिसला नाही, काही ठिकाणी उलट त्रास वाढला. म्हणून मी मागतो आहे त्या दिवसात कुणाला व्यासपीठावर बोलावून रडवायचे नाही, कुणाची कहाणी मागायची नाही. यायचे तो येईल, नाव ऐकेल, जाईल. बहुसंख्य शोकाला इलाजाची गरज नसते, चार माणसांनी त्याची दखल घ्यावी एवढीच अपेक्षा असते.

आता आपल्याच भागाचा जुना अनुभव पाहू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच वेळी कुलाब्यात अवघा ७३. विमानतळाच्या धावपट्टीखालून काटकोनात वळवलेली मिठी नदी आणि तिला येऊन मिळणारा वाकोला नाला यांच्या काठावरच्या वस्त्यांवर काय ओढवले ते आपल्याला सांगायला नको. साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसे त्या एका दिवसात गेली. पुढे काय झाले ते मात्र नीट आठवले पाहिजे, कारण त्यात या पत्राचा अर्धा युक्तिवाद आहे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. पर्जन्यजलवाहिन्यांचा ब्रिमस्टोवॅड आराखडा १९९३ पासून पडून होता, तो बाहेर निघाला. इर्ला, हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध अशी उदंचन केंद्रे एकामागून एक उभी राहिली, पैकी गझदरबंध रेल्वेच्या पलीकडे सांताक्रूझ पश्चिमेला. अग्निशमन केंद्रांवर पाऊस मोजणारी यंत्रे बसली. उशीर झाला, खर्च फुगला, मिठीचा गाळ अजून वादात आहे, तरीही त्या दिवसाने महापालिकेला काम करायला लावले हे नाकारता येणार नाही. दरवर्षी जुलैअखेरीस वर्तमानपत्रे नालेसफाईचे टक्के छापतात आणि भरतीचे तक्ते देतात. हिशेब राहिला. गेलेली माणसे मात्र त्या हिशेबातून नाहीशी झाली. ती एका एकूण संख्येत जमा झाली, आणि ज्यांच्या घरातली ती होती त्यांना २६ जुलै हा दिवस एकट्याने पाळावा लागतो.

याउलट आठवण टिकली पण हिशेब राहिला नाही, असेही घडले आहे. सांताक्रूझ, कलिना, खार, वांद्रे या जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणांच्या रस्त्यांवर जे दगडी क्रूस दिसतात त्यांतले बरेच प्लेगच्या काळातले. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढची कित्येक वर्षे शहर त्या साथीने पोखरले. घरे ओस पडली, लोक उघड्या मैदानांत झोपड्या घालून राहिले, आणि वाड्यावाड्यांच्या तोंडाशी क्रूस उभे केले. आज त्यांच्यापाशी मे महिन्यात शेजारपाजारचे लोक जमतात, प्रार्थना होते, मेणबत्त्या लागतात, उकडलेले चणे वाटले जातात. सव्वाशे वर्षांनंतर त्या प्रार्थनेत उभ्या असणाऱ्या पोराला प्लेगने कोण गेले ते माहीत नसते, पण आपल्या गल्लीवर एक संकट आले होते आणि गल्ली एकत्र उभी राहिली होती हे त्याला कळते. एवढे काम त्या दगडाने केले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला हेही लाभले नाही. मुंबईच्या गोदीतून देशात शिरलेल्या त्या तापाने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि दोन पिढ्यांत ती साथ शहराच्या आठवणीतून जवळजवळ पुसली गेली. २०२० मध्ये आपण गोंधळलो त्याचे एक कारण हेही आहे. शंभर वर्षांपूर्वी इथेच काय घडले होते ते सांगणारे कुणी नव्हते, अशी कुठली तारीखही नव्हती.

दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होते याचे महाराष्ट्रातले उदाहरण माळीण. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातले हे गाव डोंगराखाली गेले, १५१ माणसे गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. आज त्या जागी स्मृतिस्तंभ आहे, मृतांच्या आठवणीची झाडे आहेत, आणि दर ३० जुलैला वाचलेले लोक तिथे जमतात. एप्रिल २०१७ मध्ये जवळच आमडे इथे नवे माळीण उभे राहिले. त्याच वर्षी जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात नव्या गावातले रस्ते खचले, तेव्हा गावकरी गप्प बसले नाहीत. आपली माणसे गेली आहेत, आता पुन्हा तसे होऊ देणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार त्यांना त्या स्तंभाने दिला होता आणि शासनालाही ते ऐकावे लागले. यावर एक कठोर आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. माळीणची एवढी आठवण ठेवून काय झाले? २०२१ च्या जुलैमध्ये महाडचे तळिये गेले, २०२३ च्या जुलैमध्ये खालापूरची इर्शाळवाडी गेली. आक्षेप खरा आहे. पण इर्शाळवाडी दरडग्रस्त गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. दुःख एका गावापुरते ठेवले गेले आणि यादी एकदा करून कपाटात गेली, तर पुढच्या वाडीला त्याचा उपयोग होत नाही. म्हणूनच मी एकदाच उभारायचे स्मारक मागत नाही. दरवर्षी लोकांसमोर उभे राहून द्यायचा हिशेब मागतो आहे.

हे काम वॉर्डाच्या कार्यालयाचे नाही, गटारे साफ ठेवली तरी पुष्कळ, असे आपले सहकारी म्हणतील. त्यांना हेरवाडची आठवण करून द्यावीशी वाटते. शिरोळ तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी कोविडच्या काळातल्या विधवांचे हाल पाहून हा विचार मांडला होता, आणि हेरवाडने तो पहिल्यांदा अंगीकारला. दोन आठवड्यांच्या आत राज्य शासनाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करायला सांगितले. अकोल्याचे, म्हणजे नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोल्याचे, हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सोबत्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी करून तालुक्या-तालुक्यांत या बायकांची नावे गोळा केली, आणि मिशन वात्सल्य योजनेखाली शासनाला त्यांच्या दारापर्यंत आणले. ही दोन्ही कामे ग्रामीण महाराष्ट्रात झाली. पाणीपट्टी आणि घरपट्टी गोळा करणारी ग्रामपंचायतच हेरवाडमध्ये शोकाच्या प्रश्नाला सामोरी गेली, आणि त्यामुळे तिचा मान वाढला. वाकोल्यातही कोविडने नवरे गेलेल्या बायका आहेत, आईबाप गेलेली मुले आहेत. त्यांच्यासाठी जाहीर झालेल्या योजना त्यांच्यापर्यंत पोहोचल्या का, हे विचारणारी सभा शहरात कुठे भरते? खेड्याला ग्रामसभा आहे. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. साथ ओसरून माणसे मान वर करून बोलायला लागली नेमक्या त्याच वेळी त्यांचे ऐकणारा निवडून दिलेला माणूस त्यांच्या गल्लीत नव्हता.

यादी करायची कशी, ही खरी अडचण आहे. कोविड म्हणून नोंद झालेलेच घ्यायचे तर पुन्हा तोच पुराव्याचा जाच सुरू होईल. खासगी माहिती उघड होईल, अशी भीतीही रास्त आहे, कारण २०२० मध्ये आजाराचे नाव घराच्या दारावर चिकटवले गेले आणि त्या घरांना शेजाऱ्यांनी टाळले. याला माझे उत्तर असे की कारण विचारूच नये. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा मृत्यूच्या दाखल्यावर मरणाचे कारण छापू देत नाही, ते गुप्त ठेवायला सांगतो. तोच नियम इथे पाळावा. मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ या काळात या विभागातले जे कुणी गेले, हृदयविकाराने, बाळंतपणात, डायलिसिस चुकल्याने, रुग्णवाहिका न मिळाल्याने, की कोविडने, त्या सगळ्यांचेच अंत्यविधी अपुरे राहिले होते. ज्याच्या घरच्यांची इच्छा असेल त्याचे नाव वाचावे. उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, कोकणात आपल्या गावी परत जाऊन तिथे दगावलेल्या इथल्या माणसांचीही नावे घ्यावीत, कारण ती इथलीच होती. रजिस्टर आपल्याच कार्यालयात आहे, पण यादी त्यातून उतरवून काढू नये. जन्म-मृत्यूच्या खिडकीपाशी एक वही ठेवावी आणि लोकांनी त्यात हाताने नावे लिहावीत. यादी अपुरी राहील. ती अपुरी आहे हे सभेत सांगावे आणि पुढच्या वर्षी वाढवावी.

धर्माचा प्रश्न त्यापेक्षा सोपा आहे. कुणाचाही विधी करायचा नाही. नाव वाचायला कुठल्याच धर्माची हरकत असण्याचे कारण नाही. विधी ज्याने त्याने आपल्या घरी, देवळात, विहारात, मशिदीत, चर्चमध्ये करावा. फलकबाजीचा प्रश्न मात्र अवघड आहे. या शहरात दहावीच्या निकालापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला कुणाचा तरी फोटो असलेला फ्लेक्स लागतो. तो दिवसही कुणीतरी गिळंकृत करील, ही शक्यता खरी आहे आणि या सूचनेला सर्वात मोठा धोका तिथूनच आहे. त्यासाठी नियम विभागानेच करावा: फोटो मृतांखेरीज कुणाचा नाही, भाषण नाही, सत्कार नाही. नावे वाचणारी माणसे त्या त्या गल्लीतली असावीत. हिशेब मात्र आपण स्वतः द्यावा, लिहून आणलेला, आकड्यांसह. व्ही. एन. देसाई रुग्णालयात आज प्राणवायूच्या खाटा किती, दवाखान्यांत डॉक्टरांच्या किती जागा रिकाम्या, वाकोला नाल्याच्या कोणत्या टप्प्यात काम अडले आहे आणि कशामुळे, रात्री पाणी भरले तर कोणती शाळा उघडायची आणि तिची किल्ली कुणाकडे आहे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. ज्यांनी २००५ ची रात्र पाण्यात काढली त्यांना तो तसा वाटणार नाही.

लोक विसरले आहेत, खपली कशाला काढता, असेही म्हटले जाईल. मुंबई थांबत नाही, दुसऱ्या दिवशी गाडी पकडते, हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की आपल्यालाही ते गुण वाटू लागले आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, त्यांतला एक खार ते सांताक्रूझच्या मध्ये. दुसऱ्या दिवशी लोकल भरून धावल्या आणि देशाने मुंबईचे कौतुक केले. ज्याची रोजी बुडते तो दुसऱ्या दिवशी कामावर जातोच, त्याला पर्याय नसतो. त्याची मजबुरी धैर्य म्हणून वाखाणली की त्याला थांबून रडण्याची मुभाही उरत नाही. बीकेसीच्या मैदानावर मे २०२० मध्ये उभे राहिलेले जम्बो रुग्णालय उतरवले गेले आणि तिथे पुन्हा प्रदर्शने भरू लागली. यात गैर काही नाही, मैदान वापरासाठीच असते. पण त्या मांडवाखाली ज्यांनी आपला माणूस शेवटचा पाहिला ते लोक त्याच रस्त्याने कामाला जातात. त्यांना विसर पडला आहे, असे आपण मानतो ते आपल्याला सोयीचे आहे म्हणून. लंडनमध्ये संसदेसमोरच्या नदीकाठच्या भिंतीवर मार्च २०२१ मध्ये शोकग्रस्त कुटुंबांनी परवानगीची वाट न पाहता लाल बदाम रंगवायला सुरुवात केली, प्रत्येक मृतामागे एक. तीच कुटुंबे सार्वजनिक चौकशीसाठी लढली आणि ती चौकशी त्यांनी मिळवली. ज्यांना आठवते त्यांनीच प्रश्न विचारले, हा अनुभव तिथलाही आहे.

सगळ्यांचे दुःख सारखे नव्हते, हेही मान्य करायला हवे. कुणाचा पगार घरबसल्या चालू राहिला, कुणाची हातगाडी दोन वर्षे उभी राहिली. कुणी प्राणवायूचे यंत्र विकत आणले, कुणी सिलिंडरच्या रांगेत रात्र काढली. सामूहिक शोक म्हणताना हा फरक झाकला जाण्याचा धोका आहे. म्हणूनच मी शोकाबरोबर हिशेब मागतो आहे, कारण फरक दिसतो तो हिशेबात. कोणत्या वस्तीत किती नावे, हे एकदा मोठ्याने वाचले गेले की कुठे पाणी येत नव्हते, कुठे एका शौचालयामागे शंभर माणसे होती, हे वेगळे सांगावे लागणार नाही. पुढे काय येईल ते कुणालाच ठाऊक नाही. नवा आजार, ढगफुटी, पुनर्विकासात घर मिळेल की नाही याची धास्ती, हातचे काम कधी जाईल त्याची काळजी, या सगळ्यात आज वस्ती जगते आहे. अशा वेळी सगळे ठीक होईल, असे सांगून कुणालाही धीर येत नाही. बिघडले तर कोण येईल, हे ठाऊक असले की येतो. २०२० मध्ये धान्याची पाकिटे बांधणारी मंडळाची पोरे, मशिदीतून गल्लीगल्लीत जाणारी पातेली, तपासणीसाठी उन्हात दारोदार फिरलेल्या आरोग्य सेविका, हे सगळे लोकांनी पाहिले आहे. आशेचा आधार तोच आहे, आणि तोही विसरला जातो आहे.

आपल्या खुर्चीत बसून या विभागाची साथ हाताळणारे सहायक आयुक्त अशोक खैरनार जुलै २०२० मध्ये कोविडनेच गेले. त्या सुमारास रुग्ण दुपटीचा कालावधी लांबवण्यात एच पूर्व विभाग शहरात आघाडीवर आला होता. महापालिकेचे दोनशेहून अधिक कर्मचारी त्या साथीत गेले, त्यांत सफाई कामगार होते, परिचारिका होत्या. कार्यालय आणि वस्ती यांना एकमेकांचे दुःख ठाऊक आहे, ते एकदा एकाच जागी बोलले गेले पाहिजे. यादीत त्यांची नावे वस्तीतल्या नावांबरोबर, कुठल्याही पदाशिवाय, अकारविल्हे यावीत.

दिवसाबद्दल माझी सूचना एप्रिलच्या शेवटच्या रविवारची आहे. दुसऱ्या लाटेतले सर्वात वाईट दिवस त्याच सुमाराचे. परीक्षा आटोपलेल्या असतात, मे उजाडला की अर्धे वाकोला गावी जाते, आणि नालेसफाईची मुदत ३१ मे असल्याने आपण सभेत जे कबूल कराल ते करायला महिना हातात राहतो. जागा महापालिकेच्या शाळेचे सभागृह. खर्च ध्वनिक्षेपकाचा आणि पिण्याच्या पाण्याचा. पहिल्या वर्षी पन्नास माणसे येतील, कदाचित वीसच येतील, तेवढ्यावरून बंद करू नये. वही ठेवण्याची तारीख आपण कळवलीत तर गल्ल्यांतून निरोप पोचवण्याचे काम आम्ही रहिवासी करू. प्रभाग समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि होकार असो वा नकार, तो लेखी द्यावा, ही विनंती.

आपला,
वाकोल्यातील एक रहिवासी